बोलायचं असेल तर चाला

सपकाळ मावशींशी बोलायचं असेल तर त्यांच्याबरोबर चालावं लागे. दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या इमारतीच्या खाली, पार्किंगच्या खांबांमधून, उभ्या गाड्यांना वळसे घालत त्या रोज सकाळी चालायच्या, आणि तेवढा वेळ कोणासाठीही थांबायच्या नाहीत. दूधवाल्यासाठी नाही, शेजारणीसाठी नाही, साताऱ्याहून आलेल्या सख्ख्या नणंदेसाठीसुद्धा नाही. समोर कोणी आलंच तर हाताने 'या' अशी खूण करायच्या आणि पुढे निघायच्या. मग त्या माणसाने ठरवायचं, आपलं काम किती महत्त्वाचं आहे ते.

सोसायटीचे प्रेसिडेंट मेहराजी एकदा हातात नोटीस घेऊन आले. अंगावर शाल, पायात मोजडी, चेहऱ्यावर पद. नोटिशीत लिहिलं होतं की पार्किंगची जागा केवळ वाहनांसाठी आहे, तिथे चालणे वा व्यायाम करणे यास सक्त मनाई आहे. मावशींनी खूण केली. मेहराजी निघाले. पहिल्या वळणापर्यंत त्यांनी नोटीस खणखणीत आवाजात वाचली. दुसऱ्या वळणावर आवाज बसला. तिसऱ्या खांबापाशी ते म्हणाले, "मॅडम, जरा रुकिए."

"आप बोलिए ना, मैं सुन रही हूँ," मावशी म्हणाल्या आणि गेल्या पुढे.

मी आणि आई पहिल्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून वाकून हे बघत होतो. आत दूध उतू गेलं, तरी आई हलली नाही. शेवटी मेहराजींनी तो कागद एका गाडीच्या बोनेटवर ठेवला आणि छातीवर हात ठेवून लिफ्टकडे गेले.

या प्रसंगाला आम्ही पुष्कळ हसलो. पण आज तो आठवला की मला हसू येत नाही, संताप येतो. पन्नाशी ओलांडलेली, आयुष्यभर सरकारी नोकरी केलेली, कर भरणारी, कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेली एक बाई स्वतःच्या घराखाली चालत होती. एवढंच करत होती. आणि ते थांबवण्यासाठी लेटरहेड छापलेली माणसं होती.

मावशी माझ्या कोणी नात्यातल्या नव्हेत. शेजारच्या दारातल्या. बाहेरची मुलं त्यांना 'आंटी' म्हणत. आमच्याकडे मराठी घरात आंटी कोणी नसतं, म्हणून त्या मावशी. त्यांचे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आता विमानतळावर सुरक्षेच्या नोकरीत. मावशी कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका केंद्र सरकारी कार्यालयात सेक्शन ऑफिसर. मूलबाळ नाही. आमच्या घरी बाबांच्या कर्मचारी युनियनची पत्रकं घड्या घालून पडलेली असत. मी अक्षरं ओळखायला शिकले तीच त्या पत्रकांवर. मावशी मला म्हणायच्याच, "काय गं पत्रकवाली, आज कुणाचा निषेध?"

त्यांचं पोट लहान करण्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी कॉलेजात होते. त्याआधी त्या जिना चढताना दर चार पायऱ्यांवर कठड्याला टेकत. साखर वाढलेली, गुडघे गेलेले, उताणं झोपलं की श्वास अडकायचा. डॉक्टरांनी सगळे उपाय करून पाहिले. मावशींनी तर डॉक्टरांच्या आधीच केले होते. वर्षानुवर्षं कारल्याचा रस, दुधीचा रस, गरम पाणी, उपास, एकवेळ जेवण. दर खेपेला थोडं वजन उतरायचं आणि व्याजासकट परत यायचं. मग त्यांनी निर्णय घेतला. एकटीने. सपकाळ काका घाबरले होते. फौजेत चाळीसेक वर्षांपूर्वी कोणाचं तरी अॅपेंडिक्स बिघडल्याची गोष्ट ते सारखी सांगत राहिले. मावशींनी ती दर वेळी पूर्ण ऐकून घेतली आणि तारीख नक्की केली.

ऑपरेशन झालं आणि सगळ्या जगाला एक शब्द सापडला. शॉर्टकट.

साताऱ्याच्या नणंदबाई फोनवर म्हणाल्या, "आम्ही मेलो उपास करून, आणि वहिनींनी शॉर्टकट मारला." ऑफिसातल्या बाया म्हणाल्या. सोसायटीतल्या, ज्यांनी आयुष्यात लिफ्टशिवाय दुसरा मजला गाठला नव्हता, त्यांनीही तेच म्हटलं. ज्या बाईचं पोट कापलंय, जिला पहिले कित्येक दिवस चमच्याने वरणाचं पाणी घ्यावं लागलं, जिला यापुढे जन्मभर चार घास मोजून चावायचे, जन्मभर गोळ्या घ्यायच्या, तिने शॉर्टकट मारला! मला विचारायचं आहे, लांबचा रस्ता कोणता? तो कोणी चालून दाखवला आहे का? ज्या समाजात बाई जाड झाली तर आळशी, बारीक झाली तर लबाड, तिथे रस्त्यांच्या लांबीबद्दल कोणी बोलू नये.

मावशी स्वतः चिडत नसत. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "अहो, ऑपरेशन पोटाचं झालंय. पायांचं कोणी केलेलं नाही. ते मलाच करावं लागणार."

डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं की पहिल्या वर्षी वजन आपोआप उतरेल, लोक टाळ्या वाजवतील, आणि त्या टाळ्यांच्या आवाजात शरीराला हलायची सवय लागली नाही तर पुढे कोणतंही ऑपरेशन कामाला येणार नाही. मावशींनी हे एकच वाक्य घरी आणलं. बाकीच्या फायली काकांनी आणल्या.

पण सवय लावायची म्हणजे काय करायचं? मासिकांमधून, मोबाइलमधून जो सल्ला मिळतो तो असा, की पहाटे उठा, प्रसन्न मनाने फिरायला जा. सल्ला देणाऱ्याला सकाळचा चहा कोण करून देतं, ते त्यात कधी लिहिलेलं नसतं. मावशींची अडचण नेमकी तिथे होती. उठल्याबरोबर चहा, मग काकांचा डबा, स्वतःचा डबा, मग मेट्रो. चालणार कधी? घरी आल्यावर पाय उचलत नसत.

काकांचं बघा. तीस वर्षं फौजेने त्यांना पहाटे मैदानावर नेलं, पळवलं, वर नाश्ता दिला. तो त्यांच्या नोकरीचाच भाग होता. त्याला कोणी छंद म्हटलं नाही, स्वतःसाठी काढलेला वेळ म्हटलं नाही. त्याच तीस वर्षांत मावशी कॅन्टोनमेंटच्या क्वार्टरमध्ये आणि पुढे ऑफिसात बसून जाड होत गेल्या, आणि तो मात्र त्यांचा वैयक्तिक दोष ठरला.

एका सकाळी मावशींनी काकांना गॅससमोर उभं केलं. "चहा तुम्ही करायचा. मी खाली चालले."

काकांनी फौजेतल्या लंगरच्या, सगळ्या पलटणीच्या मापाने चहा केला. पातेलंभर. साखर इतकी की चमचा उभा राहील. उरलेला चहा त्यांनी स्टीलच्या डब्यातून आमच्याकडे पाठवला, आणि बाबांनी एक घोट घेऊन म्हटलं, "हा चहा नाही, हा हल्ला आहे." मावशींना तर तो चालणारच नव्हता, ऑपरेशननंतर एवढी साखर पोटात गेली की त्यांना दरदरून घाम फुटायचा. पण त्यांनी नावं ठेवली नाहीत. "पहिली खेप आहे. शिकतील," एवढंच आईला म्हणाल्या. काका शिकले. महिन्याभरात बिनसाखरेचा, आलं ठेचून घातलेला चहा ते असा करायला लागले की आई त्यांना कृती विचारायची. मावशींच्या व्यायामाची सुरुवात बुटांनी झाली असं सगळ्यांना वाटतं. मी शेजारी राहत होते, मी सांगते. ती सुरुवात काकांच्या चहाने झाली.

पार्किंगची जागा त्यांनी विचार करून निवडली होती. सेक्टरमधली बाग होती, पण तिथे सकाळी बाकांवर पुरुषांची बैठक असे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांच्या चालण्यावर तिथे मोफत शेरेबाजी चाले. मावशी आधी दोन-चारदा गेल्या होत्या. "हाथी मेरे साथी" असं कोणीतरी म्हणालं आणि बाकीचे सभ्य निवृत्त गृहस्थ हसले. रस्त्यावर हिवाळ्यात उशिरापर्यंत अंधार, कुत्र्यांच्या टोळ्या, आणि हळू होत जाणाऱ्या गाड्या. घराखाली मात्र दिवे होते, गार्ड होता, ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. "सबबी सगळ्या वर ठेवून खाली यायचं," त्या म्हणत. धुक्यात विष कालवलेल्या नोव्हेंबरच्या दिवसांत त्या घरातच, जेवणाच्या टेबलाभोवती फिरत. मग खुर्चीत बसून हात न टेकता उठायच्या, पुन्हा बसायच्या, पुन्हा उठायच्या. काकांना पीटी मास्तर व्हायची फार हौस होती. मावशींची एकच अट होती. ओरडायचं नाही. काकांना न ओरडता मोजताच येईना, म्हणून त्यांना बाल्कनीत पाठवलं गेलं.

आणि त्यांचा तो नियम, जो मी आजही पाळते. मन नसेल त्या दिवशी फक्त बूट घालायचे. "चालायचं की नाही ते नंतर बघू. आधी बूट." बूट घालून परत सोफ्यावर बसलेल्या मावशी मी एकदाच पाहिल्या, आणि तेव्हा त्यांना ताप होता.

सोसायटीत तेव्हा मोबाइलवर पावलं मोजायच्या स्पर्धा चालत. रोज कोणाची किती झाली ते सगळ्यांना कळवायचं, जिंकणाऱ्याला टाळ्या. मावशींनी त्यात भाग घेतला नाही. म्हणाल्या, "मोजायला लागलं की माणूस संपायची वाट बघतो. मला संपवायचं नाहीये." पुढे स्पर्धा बंद पडली. जिंकलेले गृहस्थ मोबाइल कुत्र्याच्या पट्ट्याला बांधत होते असं कळलं.

आता पंगतीची गोष्ट. द्वारकेत आम्हा मराठी लोकांचं एक मंडळ होतं. गणपतीत एक दिवस सगळ्यांचं जेवण. दिल्लीत राहून आमची मुलं 'पंगत' म्हणायच्या ऐवजी 'लंच' म्हणायला लागली होती, पण आग्रह मात्र आम्ही जिवापाड जपला होता. ऑपरेशननंतरच्या पहिल्या गणपतीत मावशी पानावर बसल्या. आधीच सांगून ठेवलं होतं, मला थोडंच चालतं, गोड चालत नाही. हे सांगणं म्हणजे आमच्यात आव्हान. मंडळाच्या जोशीकाकू तुपाची वाटी घेऊन उभ्या राहिल्या. "एका मोदकाने काय होतंय? बाप्पाचा प्रसाद आहे. प्रसादाला नाही म्हणतात?" चारचौघी हसल्या. पानात मोदक पडला, वर तूप. मावशींनी अर्धा खाल्ला.

थोड्याच वेळात त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले, छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी. आई त्यांना धरून बाहेर घेऊन आली. चपलांच्या ढिगाशेजारी, पायरीवर, ती सेक्शन ऑफिसर बाई भिंतीला डोकं टेकून बसली होती, आणि आतून जोशीकाकूंचा आवाज येत होता, "बघा, म्हणून मी म्हणते, असली ऑपरेशनं करू नयेत."

मी जोशीकाकूंना दुष्ट म्हणणार नाही. प्रेमच होतं ते. पण आमच्या या प्रेमाला समोरच्याचं 'नको' ऐकूच येत नाही, आणि त्याने माणूस पडला तर दोष पडणाऱ्याचा. जी माणसं वर्षभर त्यांच्या वजनावर बोलत होती, त्यांच्याच हातात त्या दिवशी तुपाची वाटी होती. हे मी तेव्हा आईला म्हटलं. आई म्हणाली, "हे तू पत्रकात लिही. आत्ता पाणी आण." मी पाणी आणलं.

पुढच्या वर्षी सगळ्यांना वाटलं मावशी येणार नाहीत. त्या आल्या. नऊवारी नेसून, पदर खोचून. आणि पानावर बसल्याच नाहीत. सरळ भाताचं पातेलं उचललं आणि वाढायला लागल्या. पहिली पंगत, दुसरी पंगत, तिसरी पंगत. वाकायचं, वाढायचं, सरळ व्हायचं, पुढच्या पानाकडे जायचं. जोशीकाकूंना त्यांनी इतका आग्रह केला की काकूंनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. शेवटी मी त्यांना विचारलं, तुम्ही जेवलात का? त्यांनी पदराआडून एक लहानशी वाटी दाखवली. वरण आणि उसळ, घरून आणलेली, मधल्या वेळात उभ्यानेच खाल्लेली.

"पंगतीत बसलं की आग्रह," त्या म्हणाल्या. "वाढायला उभं राहिलं की कोणी विचारत नाही, बाई जेवली की उपाशी आहे. इतकी वर्षं या गोष्टीचा राग यायचा. म्हटलं, या वर्षी फायदा घेऊ."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. आमच्या सगळ्या घरांमधल्या सगळ्या वाढणाऱ्या बायका माझ्या डोळ्यांसमोरून एका ओळीत गेल्या.

वर्षभरात मावशी अर्ध्या झाल्या. मग सुरू झाला तो दुसरा छळ, कौतुकाचा. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हिवाळ्याच्या उन्हात हिरवळीवर पुरुष पत्ते खेळायचे, बायका स्वेटर विणायच्या, शेंगदाण्यांच्या टरफलांचे ढीग पडायचे. मावशी त्या हिरवळीच्या कडेकडेने चालायच्या. एकदा त्यांच्या वरच्या साहेबांनी हातातले पत्ते न ठेवता हाक मारली, "मॅडम, अब तो पतली हो गईं. अब किसके लिए?"

बाकीचे हसले. हे मावशींनी मला चालता चालता सांगितलं, आणि त्या दिवशी त्यांचा वेग इतका होता की मला धावावं लागत होतं. किसके लिए! म्हणजे बाई चालते ती कोणाच्या तरी डोळ्यांसाठी. ते डोळे तृप्त झाले की तिने बसावं. साहेबांना विचारलं का कोणी, तुम्ही रोज तासभर पत्ते कोणासाठी खेळता?

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, सर, गुडघों के लिए. वो मेरे साथ रिटायर होंगे."

हळूहळू खाली त्यांच्याबरोबर इतर बायका यायला लागल्या. साखरेचा त्रास असलेली तिसऱ्या मजल्यावरची एक बंगाली बाई. बाळंतपणानंतर खचलेली एक मुलगी. आणि सरिता, जी चार घरी भांडी घासायची आणि कंबर धरली म्हणून मावशींनी तिलाही बोलावलं होतं. तिथे वजन विचारायचं नाही हा एकच नियम. सरिता मालकिणींच्या शेजारी हात हलवत चालायला लागली, आणि सोसायटीला अचानक आठवलं की ही जागा वाहनांची आहे. एका गाडीवर ओरखडा सापडला. कोणी केला ते कॅमेऱ्यात दिसलं नव्हतं, पण बायका चालताना दिसत होत्या. मग ती नोटीस आली, जी मेहराजींनी चालत चालत वाचली.

मावशी तरीही चालत राहिल्या. दुसरी नोटीस आली, त्यात दंडाची धमकी होती. बाकीच्या बायका एकेक करून गळाल्या. बंगाली बाईच्या नवऱ्याने मनाई केली. सरिताला तिच्या दोन घरांनी काम सोडायचं की चालणं सोडायचं असं विचारलं. उरल्या एकट्या मावशी. त्यांना मी इतक्या वर्षांत तेव्हा पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. दंडाला त्या घाबरल्या नव्हत्या. "एकदा सुटलं की सुटलं गं," त्या म्हणाल्या. "मी स्वतःला ओळखते. आयुष्यभर मी सगळं सुरू केलंय आणि सोडलंय. हे सुटलं तर मी परत त्या जिन्यात कठडा धरून उभी."

त्याच सुमारास महिला दिन आला. सोसायटीने लॉनवर कार्यक्रम ठेवला, आणि आमच्या मेहराजींना सत्कारासाठी कोण सुचलं? मावशी. गुडगावच्या एका खासगी इस्पितळाने, जिथे त्यांचं ऑपरेशन झालं होतं, कार्यक्रमाला पैसे दिले होते आणि व्यासपीठामागे एक भलामोठा बॅनर लावला होता. त्यावर मावशींचे दोन फोटो. डावीकडे ऑपरेशनपूर्वीचा, सैल गाउनमधला, केस विस्कटलेला, इस्पितळाच्या पांढऱ्या भिंतीसमोर काढलेला. उजवीकडे नवा, साडीतला, हसरा. डाव्या फोटोची परवानगी त्यांनी कधी, कुठल्या कागदावर सही करताना दिली, ते त्यांना आठवत नव्हतं. भरती होताना माणूस वाचून सह्या करतो का?

डावा फोटो पाहून पुढच्या रांगेत खसखस पिकली. मेहराजींनी शाल घातली, नारळ दिला, आणि माईकवर म्हणाले की मॅडमनी आपल्या सगळ्या बहिणींना वजन कसं घटवायचं ते सांगावं.

मावशींनी माईक घेतला. बराच वेळ त्या बॅनरकडे बघत उभ्या राहिल्या, लोकांकडे पाठ करून. मग वळल्या आणि डाव्या फोटोवर हात ठेवला. त्यांचं हिंदी आम्हा सगळ्यांसारखंच, मराठी वळणाचं.

"आप लोग इस पर हँस रहे हो. अस्पताल तक चलकर ये गई थी. फैसला इसने किया था. इन घुटनों पे, इस साँस पे. दाहिनी वाली तो बाद में आई, उसको सब तैयार मिला."



मग त्यांनी विचारलं की इथे बसलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे, की जिचा तुम्ही सत्कार करताय तिला तुम्हीच दोन नोटिसा दिल्या आहेत? चालण्याबद्दल नारळ आणि चालण्याबद्दलच दंड, यातलं कोणतं खरं ते आत्ता सांगा. मला शाल नको, खालची जागा द्या. एवढं बोलून त्यांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. मागच्या रांगेतून, जिथे कामवाल्या बायका मुलांना घेऊन उभ्या होत्या, तिथून पहिली टाळी आली. ती सरिताची असणार. मला दिसली नाही, पण मी पैजेवर सांगते.

मेहराजी उठले, हसले, "बिल्कुल, बिल्कुल" म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आणि पुढच्या आठवड्यात साखळी लागली. लिफ्टपासून पार्किंगमध्ये जायच्या वाटेवर, दोन खांबांच्या मधे, गुडघ्याच्या वर येईल अशी, पिवळ्या रंगाची, कुलूपबंद. चावी गार्डकडे. याला म्हणतात बिल्कुल. माईकवर हो, आणि लोखंडात नाही. आमच्या देशातल्या किती मागण्या अशा टाळ्यांत मंजूर झाल्या आणि साखळीने बंद केल्या असतील, याचा मी पुढे नेहमी विचार करत आले आहे.

साखळी लागली त्या सकाळी मी मुद्दाम खाली गेले. मावशी बूट घालून आल्या. साखळीसमोर उभ्या राहिल्या. खांबाला हात लावला, एक पाय उचलला, पलीकडे टाकला. मग दुसरा. पलीकडे पोचल्यावर वळून साखळीकडे असं पाहिलं, जसं कोणी बाजारात स्वस्त मिळालेल्या भाजीकडे पाहतं.

"खुर्चीतला व्यायाम कमी झाला आज," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

गंमत अशी की साखळीने अडले ते गाड्यांचे मालक. ऑफिसला निघालेल्या साहेबांना गार्ड सापडेना, सापडला तर चावी सापडेना. मेहराजींना साखळी ओलांडता येत नव्हती. ते रोज ब्रीफकेस घेऊन सबंध इमारतीला वळसा घालून आपल्या गाडीपर्यंत जायला लागले. साखळी काढली असती तर हार मानल्यासारखं झालं असतं, म्हणून त्यांनी ती काढली नाही. दंडाचा विषयही मग कोणी काढला नाही. हळूहळू बंगाली बाई परत आली. सरिता मात्र आली नाही. तिने कामं टिकवली. तिच्याबद्दल मी कोणाला माफ केलेलं नाही.

तिसऱ्या वर्षी मावशींचं थोडं वजन परत वाढलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, घाबरू नका, चालू ठेवा. इस्पितळाला मात्र आता त्यांच्या फोटोत रस राहिला नाही. बॅनरवर दुसऱ्या कोणाचे तरी दोन चेहरे आले. आणि शॉर्टकटवाले परत आले, या वेळी समाधानाने. "बघा, शेवटी वाढलंच ना." त्यांच्या आवाजातला तो आनंद मला कधीच समजला नाही. साखर आटोक्यात होती, रात्री श्वास मोकळा चालत होता, ओल्या कपड्यांची बादली घेऊन ती बाई जिन्याने गच्चीपर्यंत जात होती. ते कोणी पाहिलं नाही. पाहिला फक्त ब्लाउजच्या बाहीचा घट्टपणा.

मी फार तावातावाने हे बोलले तेव्हा मावशी म्हणाल्या, "तू नको तापूस. टाळ्या बंद झाल्यात, बरं झालं. आता कळेल सवय माझी आहे की त्यांची."

पुढे बाबा निवृत्त झाले आणि आम्ही नाशिकला जायचं ठरलं. सामानाचा ट्रक सकाळी लवकर आला. तो नेमका पार्किंगच्या तोंडाशी लागला. हमाल कपाटं उतरवत होते, आई जिन्यात कोणावर तरी काचेच्या भांड्यांसाठी वैतागली होती. मी पत्रकांची जुनी खोकी खाली आणत होते, बाबा ती कोणाला हात लावू देत नव्हते म्हणून. साखळीपलीकडे मावशी चालत होत्या. आदल्या दिवशी त्या जेवायला घरी येऊन गेल्या होत्या, आईच्या गळ्यात पडून झालं होतं, तरी मला वाटलं की आज थांबतील.

त्यांनी हाताने खूण केली. या.

मी छातीशी खोकं धरून साखळी ओलांडायला गेले आणि अडकले. पाय वर गेलाच नाही. खोकं खाली ठेवलं, खांब धरला, कशीबशी पलीकडे गेले. मावशी तोपर्यंत वळणावर पोचल्या होत्या. मी धावत गाठलं. काय बोलायचं ते मी रात्री ठरवून ठेवलं होतं. ते निम्मंसुद्धा बोलून झालं नाही, कारण मला धाप लागली होती. त्यांच्या कानापाशी केस पांढरे झाले होते, डाव्या बुटाचा तळ एका बाजूने झिजला होता, आणि श्वास अगदी एकसारखा चालला होता. त्या म्हणाल्या की काका आज चहात आलं घालायला विसरले. म्हणाल्या, नाशिकला हवा बरी असते, सबबी कमी मिळतील. मग ट्रकवाल्याने हाक मारली आणि मी थांबले.

त्या थांबल्या नाहीत. मेहराजींची गाडी, मग पाण्याच्या टाकीचा खांब, मग भिंत, आणि मावशी दिसेनाशा झाल्या. मला जायचं होतं, पण मी तिथेच उभी राहिले. ट्रकने पुन्हा हॉर्न दिला. वर बाल्कनीतून आईने माझं नाव घेतलं. मग दुसऱ्या बाजूने, रिकाम्या झालेल्या आमच्या गाडीच्या जागेवरून, त्या पुन्हा येताना दिसल्या, त्याच वेगाने.

"अजून इथेच?" जवळून जाताना म्हणाल्या. "जा. आणि ते खोकं उचलताना गुडघ्यातून वाक, कमरेतून नको."

आणि पुढच्या वळणाकडे गेल्या.